राख-लिंबाने घासलेली चांदी

फेलोनीजने निम्मे शर्ट कसाव्याच्या कंदाच्या खळीतून काढून पिळले होते, निम्मे अजून घमेल्यातच होते, तेवढ्यात शेजारची म्हातारी मा रोझीन दारात आली.

"खळ कसली करत बसलीस? दवंडी ऐकली नाहीस? शनिवारपासून बिनशिक्क्याचा डॉलरचा तुकडा बाजारात चालायचा नाही. कचेरीत वजनावर बदलून देतायत."

"माझे सगळे शिक्क्याचेच आहेत, मा."

"तरी दाखवून ये. या लोकांचा सकाळी एक नियम, दुपारी दुसरा."

फेलोनीजने हात पुसले आणि गादीखालची थैली काढली. चांदीचा स्पॅनिश डॉलर छिन्नीने चिरून त्याचे चार तुकडे करायचे, प्रत्येकावर बेटाचं अक्षर ठोकायचं, अशीच या बेटावरची मोड. लोकांचे कपडे धुऊन अकरा वर्षांत तिने असे ऐंशी डॉलर साठवले होते. जुन्या मालकाने मरताना तिला गुलामीतून मोकळं केलं, पण तिच्या लेकीचं, झाबेतचं नाव कागदावर घालायचं त्याला सुचलं नाही. पोर त्याच्या सुनेकडे, मादाम दुविवियेकडे गुलामच राहिली. ऐंशीला सोडीन, असा मादामचा शब्द होता. आणि आता सोमवारच्या जहाजाने मादाम बेट सोडून चालली होती. त्याआधी पैसे पोचले नाहीत, तर झाबेतही जाणार होती.

कचेरीतल्या पेनीकुक कारकुनाने एक तुकडा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"शिक्का कुठाय यावर?"

"आहे की, साहेब. घेताना मी बघून घेतलाय."

"तेव्हा असेल. आता बोटाला लागत नाही. कशाने घासलंस?"

"राख आणि लिंबाने. दर गुड फ्रायडेला."

"कशाला पण?"

"गुत्त्यातून आलेला पैसा असतो, साहेब. गुलामांच्या बाजारातूनही येतो. माझ्या पोरीला तसला लागू नये, म्हणून."

रांगेत मागे कुणीतरी खिदळलं. "धोबीण ना ती! स्वर्गात गेली तरी आधी देवाचा सदरा मागेल धुवायला."

पेनीकुक हसला नाही. त्याने सगळे तुकडे तराजूत घातले. सगळ्यात जुने, म्हणजे अकरा वेळा घासलेले, सगळ्यात हलके भरले.

"वजनाने एकाहत्तर डॉलर."

"परत एकदा बघा, साहेब."

त्याने परत तोलले. एकाहत्तरच. फेलोनीजने नवे तुकडे थैलीत भरले. बाहेर पायरीवर मा रोझीन वाट बघत बसली होती. फेलोनीज तिच्या शेजारी टेकली आणि काय झालं ते तिने सांगितलं.

"मादामला म्हण, नऊ मागाहून देते."

"ती जहाजात बसल्यावर मागाहून कुठलं?"

"तू का घासलंस, ते देवाने बघितलं असेल ना गं?"

"बघितलंच असेल, मा. पण नऊ डॉलर मलाच आणायचेत."

तिने डोक्याचा रुमाल मागे सारला, कानांतल्या सोन्याच्या बाळ्या एकेक करून काढल्या आणि मुठीत धरल्या.

"तो मेला सोनार सहाच्या वर देणार नाही," म्हातारी म्हणाली. "वरचे तीन कुठून आणशील?"

"आधी सहा तर येऊ देत."

गुडघ्यावर हात रोवून फेलोनीज उठली आणि बाजारामागच्या सोनाराकडे बाळ्या मोडायला निघाली.