अख्खी गोळी

बाबांची रक्तदाबाची गोळी मी रोज सकाळी खलबत्त्यात कुटायचो, आणि कुटताना मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. पुढे कळलं की त्या गोळीऐवजी घरातलं दुसरं काहीही कुटलं असतं तरी चाललं असतं.

त्याचं असं आहे, की बाबांना गोळी गिळता येत नाही. टपाल खात्यात आयुष्य काढलं, भांडखोर साहेब पचवले, मेसचं जेवण पचवलं. पण गोळी जिभेवर ठेवली की त्यांचा घसा दार लावून घेतो. पाणी खाली जातं, गोळी वर राहते. म्हणून आई असेपर्यंत त्यांची प्रत्येक गोळी कुटून, मधात कालवून, चाटण करून द्यायची. आमच्या घरी औषध म्हणजे चाटणच. आई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे नोएडाला राहायला आले आणि चाटणाचं खातं माझ्याकडे आलं. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामावर सह्या करतो. स्वतःच्या हातांनी काही बनवायची संधी अशी क्वचितच मिळते. मी तब्येतीत कुटायचो.

पुण्यात त्यांना दिवसातून तीनदा घ्यायची साधी गोळी होती. दुपारची ते हमखास विसरायचे. म्हणून इथल्या डॉक्टरांनी ती बदलून दिवसभर पुरणारी एकच गोळी दिली. "सुबह एक, बस," म्हणाले. गोळी कशी घेता, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, वा! कुटायचं कामही एकदाच.

नव्या गोळीनंतर बाबा सकाळी उठून बाल्कनीत जाताना सोफ्याची पाठ धरायला लागले. मग डायनिंगची खुर्ची, मग फ्रिज. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, फ्रिज चालू आहे का बघत होतो." चेहरा लालबुंद, डोकं गरगरतंय, आणि माणूस फ्रिज तपासतोय! मशीन लावलं तर सकाळी रक्तदाब पार खाली. संध्याकाळी लावलं तर चांगलाच वर. मशीन बिघडलं असणार म्हणून मी ते स्वतःला लावलं. माझा रक्तदाब उत्तम निघाला, हे त्या परिस्थितीत जरा लाजिरवाणंच होतं.

वरच्या मजल्यावरच्या, ज्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही अशा शेजाऱ्यांनी लिफ्टमध्येच निदान केलं. "पलूशन है जी, और क्या!" मला ते पटलं. दिल्लीच्या हिवाळ्यात हवेवर काहीही ढकलता येतं. मी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. ते रात्रंदिवस घुमत राहिलं आणि बाबा सकाळी डुलत राहिले.

खरी पंचाईत वेगळीच होती. संक्रांत जवळ येत होती, आणि संक्रांतीला आमच्या महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला काला अंबला जाते. पानिपतच्या रणभूमीवर एकदा जाऊन उभं राहायचं, ही बाबांची तरुणपणापासूनची इच्छा. नोकरीत रजा मिळाली नाही, मग आमची शिक्षणं, मग आईचं आजारपण. आता ते दोन तासांच्या अंतरावर येऊन राहिले होते. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा सांगून ठेवली होती, आणि कोट ड्रायक्लीनला देऊन परतही आणला होता.

बायकोने मात्र स्पष्ट सांगितलं. "बाबा, असं डुलत असाल तर मी तुम्हाला गर्दीत नेणार नाही. तिथे पडलात म्हणजे?"

"पडलो तर योग्य जागी पडलो म्हणायचं," बाबा म्हणाले.

"असलं बोलायचं नाही. सकाळची चक्कर थांबली तर बस. नाहीतर घरी तिळगूळ."

बाबांनी आत जाऊन कोट कपाटात अगदी मागे सरकवला. ते मी पाहिलं, आणि मग दिवसभर ऑफिसात सह्या चुकीच्या जागी केल्या.

त्या रविवारी माझी भाची आली. ती औषधशास्त्र शिकते, दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन राहते, आणि राजमा-चावल अगदीच असह्य झाला की थालीपिठासाठी आमच्याकडे येते. ती मोबाइल बघत ओट्याशी उभी होती. मी तिच्या शेजारी खलबत्ता घेऊन सुरू झालो.

"मामा, काय कुटतोयस?"

"आजोबांची गोळी. बघ कशी पिठासारखी होते. तुमच्या लॅबमध्येसुद्धा एवढी बारीक..."

तिने गोळ्यांची पट्टी उचलली, उलटी करून वाचली आणि माझा हात धरला. "थांब! अरे, ही कुटायची नसते. कधीपासून चाललंय हे?"

"नवी गोळी आल्यापासून. का? पोटात जाऊन बारीकच तर होणार ना? मी आधीच मदत करतो."

"मदत? यार मामा!" ती खुर्चीत बसली. "तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? तिचा नळ बारीक सोडला की दिवसभर पाणी पुरतं. ही गोळी तशी बनवलेली आहे. पोटात गेली की हळूहळू झिरपते. थोडं औषध आता, थोडं दुपारी, थोडं रात्री. तू रोज सकाळी टाकीच फोडतोयस. मग नऊ वाजता घरात पूर आणि संध्याकाळी सगळे बादल्या घेऊन उभे!"

मी बत्त्याकडे पाहिलं. सकाळी रक्तदाब खाली, संध्याकाळी वर. मशीन बिचारं खरं सांगत होतं.

"पण पुण्यातली गोळी आई कुटायचीच की."

"ती साधी होती. साधी गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते. वाटेत लिव्हर लागतं, तो टोलनाका. तिथे थोडं औषध कापलं जातं आणि उरलेलं पुढे जातं. ती कुटली काय, न कुटली काय, फारसं बिघडत नव्हतं. तरी प्रत्येक गोळीचं वेगळं असतं. विचारल्याशिवाय कुठलीच कुटायची नाही."

एवढ्यात बायको आत आली, तिने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "म्हणजे मी चहाचे वेलदोडे याच खलबत्त्यात कुटत होते?"

"मी रोज धुतो," मी म्हणालो.

"तरीच मामी हल्ली शांत वाटते," भाची म्हणाली.

"मी शांत?" बायको म्हणाली. "थांब, पाहुणी जाऊ दे."

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला आणि सगळं ऐकून घेतलं. "पीसने को किसने बोला था आपको?" कोणीच नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. गोळी अख्खी गिळता येत असेल तर हीच चालू ठेवा, नाहीतर जुनी तीन वेळची देतो, आजची जाऊ दे आणि उद्या सकाळी त्यांना आणून दाखवा, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना तपासलं, घशात बत्ती टाकून पाहिली. घसा धडधाकट होता. "पोस्टमास्टर साहब, गले में कोई दिक्कत नहीं. दिक्कत डर की है," असं त्यांनी सांगितल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू घाबरट मीच होतो.

मग घरी गिळण्याचा वर्ग भरला. पुण्याहून मेहुणीने संक्रांतीचा काटेरी हलवा पाठवला होता. भाचीने व्हिडिओ कॉलवरून फर्मान काढलं, की आधी त्यातला सगळ्यात बारीक दाणा गिळायचा, जमला की त्याहून मोठा. मान मागे टाकायची नाही, घोट मोठा घ्यायचा.

बाबांनी दाणा जिभेवर ठेवला, पाणी घेतलं, डोळे मिटले. कुर्रुम.

"आजोबा, चावलात!"

"चांगला झालाय हलवा," बाबा म्हणाले.

पहिली वाटी अशीच अभ्यासात संपली. शिकवण्याच्या भरात मीही गिळून दाखवायला गेलो, दाणा भलतीकडे गेला आणि मला इतका ठसका लागला, की बायको पाठीत थापट्या मारत होती आणि बाबा मला धीर देत होते. "घाई करू नकोस. घोट मोठा घे." मला धीर देता देता त्यांनी सहज एक दाणा तोंडात टाकला, वर पाणी प्यायले आणि थबकले. जिभेने तोंड चाचपलं. मग आ करून आम्हाला दाखवलं. तोंड रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी गोळी अख्खी गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सकाळची चक्कर आधी कमी झाली, मग गेलीच. मशीनचे सकाळ-संध्याकाळचे आकडे सख्ख्या भावांसारखे दिसायला लागले. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि बायकोने कपाटातून कोट स्वतः बाहेर काढला.

काला अंबला आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. कोल्हापूरकडची पोरं भगवे झेंडे घेऊन घोषणा देत होती, कोणी मातीचा टिळा लावत होतं. मी बाबांचा दंड धरला होता. "सोड," ते म्हणाले. मी सोडला. ते हळूच वाकले, चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली आणि कशाचाही आधार न घेता सरळ उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मी हात दोन्ही बाजूंना पसरून मागे उभा होतो, यष्टीरक्षकासारखा. चेंडू काही आला नाही.

परतीच्या वाटेवर बसमध्ये ते खिडकीशी बसून गाढ झोपले. मातीचा टिळा तसाच होता. मी मधल्या जागेवर, मांडीवर पानिपतच्या बाजारात घेतलेली लोणच्याची बरणी सांभाळत त्यांच्याकडे बघत बसलो होतो. माझे डोळे भरून आले. धुकं फार आहे, असं काहीतरी मी बायकोला सांगायला लागलो.

ती म्हणाली, "रडायचं असेल तर खुशाल रडा, पण आधी ती बरणी इकडे द्या. तेल गळतंय, आणि बाबांचा कोट मी परत ड्रायक्लीनला नेणार नाही."