फर्म्याचं लायसन

अमरावतीचे फर्मेवाले काकाजी कुणालाही हत्यार उसने देत, पत्रा देत, वर जेवू घालत. फर्मा मागितला की मात्र आधी माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत. फर्मा म्हणजे पत्र्यातून कापलेला नमुना. तो नव्या पत्र्यावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची, कापायचे, वाकवायचे. असे कितीतरी फर्मे त्यांच्या दुकानात भिंतीवर टांगलेले असत आणि प्रत्येकाची अट वेगळी.

नरसाळ्याचा फर्मा कुणीही घरी न्यावा. झारीचा न्यायचा नाही. तिथेच बसून, त्यांच्यासमोर कापायचे. आणि जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, धुळीच्या नळाला वळणावर जो कोपर लागतो, त्याचा फर्मा एकाच माणसाला जन्मभरासाठी मिळणार होता. तो माणूस अजून ठरायचा होता. कुणी कुरकुरले की काकाजी म्हणत, "रेडिओले लायसन लागते ना बाप्पा? मंग माह्या फर्म्याले काहून नाही?"

मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि अकोल्यात दुकान टाकले. दुकान नवे, लग्न नवे, अक्कल त्याहून नवी. एका जिनिंगच्या कोपरांचे काम मिळाले तसा फर्मा मागायला अमरावतीला गेलो.

"माह्यासमोर काप," काकाजी म्हणाले. "घरी नेयाची घाई करू नोको."

इतकी वर्षे काढून माझी किंमत एवढीच, असे वाटून मला राग आला. ते जेवायला आत गेले तेवढ्यात मी कोपराचा फर्मा वर्तमानपत्रावर उतरवून घेतला आणि बस पकडली.

अकोल्यात सगळा पत्रा कापून झाला तेव्हा कळले, एकही सांधा जुळत नाही. सांधा जोडायला पत्र्याची कड दुमडावी लागते; त्या घडीची जागा काकाजी फर्म्यात धरतच नसत. पत्र्याची जाडी बघून, बोट ठेवून, किती सोडायचे ते तोंडी सांगत. नरसाळ्या-झारीच्या वेळी रोज ऐकलेले, पण चोरीच्या घाईत साफ विसरलो.

जिनिंगवाल्याने केलेली बोंब अमरावतीपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी काकाजी स्वतःची कात्री घेऊन दारात उभे. दोन दिवस खपून त्यांनी सगळे कोपर करून दिले. रागावले नाहीत. निघताना एवढेच म्हणाले, "फर्मा नेला रे, पन मले नाही नेलं."

त्यानंतर मी त्यांना तोंड दाखवले नाही. लाज वाटत होती, आणि खरे सांगायचे तर लाजेहून माझा ताठा मोठा होता. वर्षाने निरोप आला: काकाजींचा उजवा हात लुळा पडला आहे, कोपराचा फर्मा तुझाच, येऊन घडीचे समजून घे. मी म्हटले, एवढा कापसाचा हंगाम उरकू दे. हंगाम उरकायच्या आत काकाजीच गेले.

फर्मा मला मिळाला. काकूंनी तो धुतलेल्या धोतरात बांधून ठेवला होता. घडीला किती सोडायचे, हे सांगणारे आता कुणी नव्हते. मी मान खाली घालून उठलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "रोज दुपारी दार लोटू देत नोते. म्हनत, अकोल्याची गाडी आली असन, तो येऊन राहिला असन."