तारेच्या अलीकडे की पलीकडे

मी चोवीस वर्षं पायदळात होतो. शेवटची काही वर्षं हवालदार, सेक्शन कमांडर. माझं गाव खेड तालुक्यात, आतलं, भातशेतीचं. हे लिहितोय ते केळशीच्या नायक विलास चोगलेबद्दल. त्याच्या घरी मासेमारी. बापाचा स्वतःचा मचवा होता.

त्या वर्षी आमची कंपनी नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर होती. प्लाटूनमध्ये बहुतेक सगळे सातारा-कोल्हापूरकडचे, रत्नागिरीचे आम्ही दोघंच. मी त्याला ‘गाववाला’ म्हणायचो. आजूबाजूला कोणी नसलं की तो मला ‘दादा’ म्हणायचा. खरं तर आमच्या दोन गावांत अर्ध्या दिवसाचा एसटीचा प्रवास, पण एवढ्या लांब गेलं की माणूस जिल्ह्यालाच गाव म्हणतो. माझ्या घरून कुळीथ आले की निम्मे त्याचे, त्याच्या घरून सुकवलेल्या कोळंबीचे सोडे आले की निम्मे माझे.

पावसाळ्याअखेर काटेरी तार ओढताना एक टोक सुटलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. जखम दहा दिवसांत भरली. बाहेरून डोळा धड दिसायचा. आतून त्याला नुसता धूर दिसत होता. हे त्यानं फक्त मला सांगितलं, कारण वार्षिक मेडिकल पंधरा दिवसांवर होतं. मेडिकल कॅटेगरी उतरली असती तर त्याचं हवालदारीचं प्रमोशन गेलं असतं.

“दादा, काय तरी करा. बापाला सांगितलंय, पुढच्या गणपतीला तीन फिती लावून येतू.”

मी केलं. डोकेदुखीचं निमित्त काढून एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या दवाखान्यात, गेलो आणि भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याच्या खालच्या ओळी लिहून आणल्या. पाढे घोकावेत तशा त्याच्याकडून घोकून घेतल्या. तो पास झाला. गाववाल्यानं गाववाल्यासाठी एवढं करायलाच हवं, असं मला वाटलं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर त्याची मान हलायला लागली. मगमध्ये चहा ओतताना, सुईत दोरा घालताना मान आधी थोडी डावीकडे, मग उजवीकडे. जवान ‘गुबुगुबू’ करून नंदीबैल म्हणून चिडवायचे. तो हसायचा. मीही हसायचो.

पहाऱ्यावरच्या सेंट्रीला आम्ही पहिला धडा देतो तो हा: डोळे फिरवा, मान फिरवू नका. झाडाझुडपांत रंग लपतो, हालचाल लपत नाही. समोरच्या उतारावर त्यांचा स्नायपर बसायचा, त्यामुळे आमच्याकडे हा धडा रोज सकाळी म्हणून घेतला जाई.

त्या दिवशी सकाळी सात चाळीसला पुढच्या ओपीतून, टेहळणीच्या खंदकातून, फोन आला. ड्यूटीवर विलास होता. त्याचा जोडीदार चहा आणायला मागे आला होता.

“समोर तारेपाशी नवीन झुडूप हाय. काल नव्हतं.”

झुडूप म्हणजे पालापाचोळा बांधलेला माणूस असू शकतो. तारेच्या पलीकडे असेल तर वाट बघायची. अलीकडे असेल तर तो आत शिरलाय.

मी विचारलं, “अलीकडे की पलीकडे?”

“पलीकडे... थांबा. नक्की नाय सांगता येत.”

“चाळीस मीटरवर आहे. नीट बघ.”

बोलता बोलता मी फोन घेऊन खंदकाच्या वळणापर्यंत आलो. तिथून ओपीचं मागचं तोंड दिसायचं. समोरच्या लूपहोलच्या फटीतल्या उजेडात त्याचं हेल्मेट डावीकडे सरकत होतं, उजवीकडे सरकत होतं.

“विलास, मान हलवू नकोस.”

“हलवत नाय, दादा.”

हेल्मेट हलत होतं. मी पुन्हा ओरडलो. तेवढ्यात गोळी आली. एकच.

ते झुडूपच होतं. रात्रीच्या वाऱ्यानं वाहून आलं होतं, आणि होतं तारेच्या पलीकडे.

चौकशीत मी जबानी दिली: वारंवार सूचना देऊनही नायकाने डोके हलवले. तक्त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तेराव्याला केळशीला गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी विचारलं, आणि त्यांनाही मी तेच सांगितलं. गावच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला विलासचं नाव घेतात. म्हातारा तिथे कधी गेला नाही. “हुकूम मोडून मेला, त्याचा कसला मान?” म्हणायचा.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. उजवा डोळा गेला. महिनाभरानं जेवताना बायको म्हणाली, “मान का हो हलवताय सारखी?” मी म्हटलं, हलवत नाही. तिनं आरसा आणून समोर धरला. मान हलत होती.

चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून मान स्थिर ठेवूनही जवळचं काय, लांबचं काय, कळतं. एक गेला की मेंदू मानेला सरकवून दुसरी जागा मिळवतो. माणूस ते ठरवून करत नाही. बऱ्याचदा त्याला कळतही नाही.”

म्हणजे मी त्याला एकाच दमात दोन हुकूम दिले होते: नीट बघ, आणि मान हलवू नकोस. एका डोळ्याच्या माणसाला ते दोन्ही पाळता येत नाहीत. आणि त्याला एकच डोळा आहे हे त्या पोस्टवर फक्त मला ठाऊक होतं.

मी केळशीला गेलो. म्हातारा पडवीत जाळं सांधत बसला होता. सगळं सांगितलं. डोळा, तक्ता, जबानी. त्याच्या हातातली सुई थांबली.

“गाववाला म्हणून केलंस?”

“होय, बाबा.”

“म्हंजे त्यानं तुजं ऐकलं होतं?”

“ऐकलं होतं. आपण मान हलवत नाही असंच त्याला वाटत होतं.”

त्यानं जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

“त्याची आयशी चैतात गेली,” तो म्हणाला. “जाताना मला इचारत होती, आपल्या पोरानं का ऐकलं नाय? आता तिला कोण सांगनार?”

जबानी बदलावी म्हणून रेकॉर्ड ऑफिसला तीन अर्ज केले, उत्तर आलेलं नाही. म्हणून इथे लिहितो. नायक विलास चोगले, राहणार केळशी, तालुका दापोली. त्यानं हुकूम मोडला नव्हता.