तारेपलीकडची देवी

चुलत्यानं देवीच्या पोटात सिमेंट भरलं, त्या दिवसापासून आई नव्या देवळाची पायरी चढली नाही. आमचं गाव भोसरीच्या बाजूचं. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा मी परकर नेसत होते. आमचं माळावरचं शेत गेलं आणि त्या शेताच्या बांधावर बसलेली देवीही तारेच्या कुंपणात गेली. वडील आधीच वारले होते, त्यामुळे घरात बोलायचं चुलत्यानं आणि ऐकायचं आईनं, असा शिरस्ता होता. देवीच्या बाबतीत मात्र आईनं तो मोडला.

ही देवी सात बहिणींतली धाकटी. सातजणी नदीच्या काठाकाठानं निघाल्या होत्या. चालून चालून धाकटीचे पाय सुजले. थोरल्या काही थांबल्या नाहीत. थोरल्या कधी थांबतात? रानात राखणीला बसलेल्या एका बाईनं तेलात हळद कालवून तिच्या पायांना लावली. धाकटी म्हणाली, "आता मी कुटं जात न्हाई. या गावची लेक हळदीला बसली की पहिली हळद माझ्या पायाला लावा, मग तिला." तेव्हापासून प्रत्येक लग्नात सवाष्णी वाजतगाजत बांधावर जायच्या, देवीला हळद लावायच्या आणि तिची उष्टी हळद नवरीला. विधवेनं त्या वाटीला हात लावायचा नाही, हे कुणी वेगळं सांगत नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

देवी म्हणजे तांदळा, नाकडोळे नसलेला एक उभा धोंडा. पिढ्यान्‌पिढ्या तेलात खललेला शेंदूर फासून त्याच्यावर चांगलं जाडजूड कवच चढलं होतं आणि त्या कवचाला चांदीचे डोळे बसवले होते. गावात नवं देऊळ बांधून देवीला तिथं आणायचं ठरलं. आणायच्या दिवशी हलगी वाजत होती, गुलाल उधळला जात होता. माणसांनी पहार लावली तशी देवी अलगद वर आली आणि बैलगाडीत बसलीसुद्धा. सगळे म्हणाले, राजीखुशीनं आली. आई मागं राहिली होती. तिनं पाहिलं तर मूळ धोंडा जागच्या जागी, सोललेल्या कांद्यासारखा. गाडीतून निघालं होतं ते नुसतं शेंदराचं टरफल.

ती धावत जाऊन चुलत्याच्या कानाशी लागली. त्यानं कवचात खालून डोकावून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. पण तोवर गाडी वेशीत आली होती, सगळा गाव आरत्या घेऊन उभा होता.

"वैनी, गप ऱ्हावा. गावाचं हसं करू नगा," तो म्हणाला. मग देवळाचं दार आतून लावून त्यानं गवंड्याकडून त्या पोकळीत सिमेंट ओतून घेतलं. देवी पक्की बसली. चुलता त्या देवळाचा पंच झाला, आणि खरी गोष्ट आमच्या घराच्या चार भिंतींत राहिली.

आई दर मंगळवारी माळावर जाऊन कुंपणापलीकडच्या देवीला हात जोडायची. पोरं चिडवायची, "काकू, तार पावली का?" पुढे मध्ये कारखान्याची शेड उभी राहिली आणि धोंडा दिसेनासा झाला. तरी ती जायची. मला तिची लाज वाटायची, आणि पोरांचा रागही यायचा.

मग माझं लग्न निघोजे गावातल्या एका मुलाशी ठरलं. बैठक उरकून सोयरे गेल्या गेल्या आईनं चुलत्याला सांगून टाकलं, "पहिली हळद मूळ जागी. त्याबिगर पोरगी हळदीला बसायची न्हाई."

चुलता उसळला. "मग देऊळ काय आमी गुरांसाठी बांधलंय व्हय?"

"देऊळ झ्याक हाय, भावजी. देवी तितं न्हाई."

"आन् सोयऱ्यांनी लगीन मोडलं मंजी?"

"मोडू द्या."

मोडू द्या! लग्न माझं आणि ही खुशाल म्हणते मोडू द्या. खरं सांगते, मला तेव्हा देवीचं काडीचंही पडलं नव्हतं. मुलगा मला मनापासून आवडला होता आणि मला निघोज्याला जायचं होतं. मी दोन दिवस आईशी बोलले नाही.

तिनं माझ्या रुसण्याकडे लक्षही दिलं नाही. ती कारखान्याच्या फाटकावर गेली. पहारेकरी मराठवाड्यातला होता. "मावशे, सायबाला इचारल्याबिगर म्या कुनालाबी आत सोडत नसतो," तो म्हणाला.

"मग इचार की. मी बसते."

आणि ती फाटकाशी बसली. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून घेऊन गेली. कंपनीची बस आत जाताना पाय आवरून घ्यायची, बस गेली की पुन्हा पसरायची. शेवटी पहारेकऱ्यालाच राहवलं नाही. त्यानं सांगितलं, "धोंडा हाय बगा मावशे, पान्याच्या टाकीपाशी. माळ्यानं चुना फासलाय त्येला, रस्त्याकडंच्या दगडावानी." आईनं कपाळावर हात मारून घेतला, आणि मग हसली. "हाय न्हवं? मग झालं तर."

साहेबानं अखेर परवानगी दिली. हळदीच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, फक्त दोन बाया आणि भोंगा व्हायच्या आत बाहेर. आई हरखली. नवरी आणि एक सवाष्ण, एवढं पुरे होतं. चुलतीला विचारलं, ती हो म्हणाली. आई घरीच थांबणार होती. एवढं सगळं करून ती त्या धोंड्याचं दर्शनसुद्धा घेणार नव्हती, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

हळदीच्या दिवशी चुलती आलीच नाही. तिनं माळावर पाऊल टाकलं असतं तर देवळात सिमेंट आहे हे चुलत्याच्या घरानंच कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून त्यानं तिला अडवलं. आई शेजारणींकडे गेली. एकीच्या पोराला ताप होता, दुसरीचं वाटण पाट्यावर होतं, तिसरीनं दारच उघडलं नाही. चुलत्याशी वाकडं कोण घेणार? आई अंगणात परत आली आणि मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. तिला हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला इतका संताप आला की लग्न, निघोजं, सगळं विसरले.

हळदीची वाटी मी उचलली. "चल," मी म्हणाले.

"कुनाला घिऊन?"

"तुला."

टाकीपाशी धोंडा पांढराफटक उभा होता. आईनं नळाचं पाणी आणलं, नारळाच्या शेंडीनं घासून घासून चुना काढला. खालून काळा दगड वर आला तसे तिचे डोळे भरून आले. मग ती दोन पावलं मागं सरली. डबे सोडून बसलेले कामगार आमच्याकडे बघत होते.

"लाव तूच," ती म्हणाली.

"नवरी आपल्या हातानं लावती का कदी?" मी वाटी तिच्यापुढे धरली.

"माझा हात न्हाई चालत, बाय."

"एवढी वर्सं तारंभाईर कोन हुबं ऱ्हायलं? त्या सवाष्णी? तू लाव, न्हाईतर मी हळदीला बसत न्हाई."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी थट्टा करत नाही हे तिला कळलं असावं. तिनं बोटं हळदीत बुडवली आणि दगडाच्या पायथ्याशी अंगारा लावावा तशी हलकेच टेकवली. मग घाईघाईनं हात पदराला पुसायला निघाली. मी तिचं मनगट पकडलं.

"आगं, काय करतीस?"

"देवीला चाललं, मग मला न चालायला काय झालं?" आणि मी तिचा ओला हात माझ्या दोन्ही गालांवर फिरवून घेतला. ती रडायला लागली. भोंगा झाला तसा पहारेकरी हाका मारायला लागला.

घरी आलो तेव्हा मांडव भरला होता. माझे पिवळे गाल पाहून चुलती पुढे आली आणि तिनं दबक्या आवाजात विचारलं, "पहिली हळद कुनी लावली गं?"

"आईनं," मी मांडवभर ऐकू जाईल असं सांगितलं आणि पाटावर जाऊन बसले.