मेंढराची गोळी

माझ्या बायकोचं हसू एका मेंढराच्या गळ्यातून परत आलं, हे मी बरीच वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. आता पन्नाशीला टेकलो. सांगतो.

आम्ही कानडी सीमेवरच्या शहापूरचे विणकर. आप्पा, म्हणजे माझे वडील, मागावर धोटा इकडून तिकडं पळवत साड्या विणायचे, आणि हिनं राहाटावर सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. मी तेवढा शिकून कचेरीत कारकून झालो होतो. लग्न झालं तेव्हा ही राहाट असा पळवायची की आप्पा म्हणायचे, "सूनबाई, जरा दमानं. माझा धोटा मागं पडतोय." मग बाळ झालं आणि ही हळूहळू विझत गेली. भर चैत्रात घोंगडं पांघरायची. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, आणि राहाटाचा दांडा हातात धरूनच डोळे मिटायला लागले.

"हिची कांडी भरंस्तवर मागावरची साडी जुनी हुईल," आई म्हणायची.

"आत्याबाई, अंगच उचलत न्हाय वो," ही सासूला म्हणायची.

"जेवताना बरं उचलतंय!"

मी एकदा तिला उठवायला तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. आई हसली, म्हणून मीही हसलो. पुढं आईनं निपाणीच्या एका वखारवाल्याची पोरगी माझ्यासाठी बघितली. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

शेवटी आप्पांनीच मला बाजूला घेतलं. "ती पयली अशी व्हती काय रं? मग कुटं बिघडलंय ते तरी बग की." मी तिला लष्करी कँपातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचा गळा चाचपला, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण आळोखेपिळोखे दिल्यासारखा.

ती बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "हा आळस नाही आणि स्वभावही नाही. गळ्यातल्या एका ग्रंथीचा रस आटलाय. मन काही शरीराबाहेर लटकत नसतं. दिव्यातलं तेल संपलं, आणि तुम्ही वातीला शिव्या देताय."

"मग तेल कुठं मिळंल?"

"मेंढराच्या त्याच ग्रंथीच्या भुकटीच्या गोळ्या येतात. जन्मभर घ्याव्या लागतील."

"मेंढराचं माणसाला चालंल?"

"आतून आपण त्याच्यापेक्षा फार वेगळे नाही," डॉक्टर म्हणाले. का कोण जाणे, ते माझ्याकडेच बघत होते.

आता आमचं घर शाकाहारी; अंगणात अंड्याचं टरफल दिसलं तरी आई सगळं सारवून काढायची. मी घरी सांगितलं, हिमालयातल्या मुळीच्या गोळ्या आहेत.

आणि काय सांगू! महिनाभरात घोंगडं माळ्यावर गेलं. चेहऱ्याची सूज उतरली आणि खालून माझी बायको निघाली. राहाट गरगरायला लागला. ती गाणं म्हणायची, बाळाला उडवायची, भाजीवालीशी कानडीतनं घासाघीस करून वर मूठभर मिरच्या घेऊन यायची. मला तर उडत उडत कचेरीला जावंसं वाटायचं. निपाणीचा विषय निघेना. फक्त एक भीती होती. हिला मेंढराचं कळलं तर ही गोळी थुंकून टाकील, आणि पुन्हा विझेल.

तेवढ्यात आई पेटली. पहाटे उठून तिनं मागाखालचा, पाय सोडायचा खड्डा धुतला, माग जागेवर असतानाच. चालत हिंडलग्याला बहिणीकडं गेली आणि "गाव जवळ आलंय गं बाई" म्हणत दुपारच्या जेवणाला परत. आप्पांशी भांडली, जिंकली, तरी थांबेना. हात थरथरायला लागले, डोळे वटारल्यासारखे दिसायला लागले. एक दिवस छाती धरून म्हणाली, "काळजात धोटा पळतोय रं."

गोळ्यांची बाटली लवकर का संपते, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, "आजच्या आज बंद करा, नाहीतर हृदय दमेल."

"आई, ती गोळी तुझी न्हवं. घेऊ नको."

"का? सुनंला ताकद, आन सासूला न्हाय व्हय?"

"तुला सोसायची न्हाय ती."

"मी घेणार!"

दारात ही उभी होती. पण आईचे ओठ निळसर दिसत होते. "आई, ती मेंढराची हाय."

माग थांबला. आई किंचाळत परसात पळाली आणि तिथं कितीतरी वेळ गुळण्या करत राहिली. हिनं बाटलीला बूच लावून ती कोनाड्यात ठेवली. पुढं चार दिवस बाटली कोनाड्यात तशीच. पाचव्या दिवशी तिनं घोंगडं खाली काढलं, आणि मी तिच्यापुढं बसलो.

"घे गं गोळी."

"आनि काय काय दडवलंय, ते सांगा आदी."

मी निपाणीचं सांगितलं. मी नाही म्हटलं नव्हतं, हेही सांगितलं.

तिनं घोंगडं घडी करून बाजूला ठेवलं. मग उठली, बाटली उघडली आणि गोळी टाकली तोंडात. "आता घेतेच. तुमच्यासंगं भांडायला अंगात रस पायजे का नको?"

आणि भांडली! आठवडाभर भांडली. मी प्रत्येक शब्द ऐकला. इतका आनंद मला वरातीतही झाला नव्हता.

पण मनात एक खुटखुट होती. तिचा आळस जर तिचा नव्हता, तर माझा तो पाण्याचा तांब्या तरी माझा कशावरून? मी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, माझाही गळा बघा. त्यांनी सावकाश चाचपला, हातोडी मारली. पाय ताडकन उडाला.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तुम्हाला काहीही झालेलं नाही."

घरी येऊन मी हिला ते सांगितलं, खाली मान घालून. ती इतकी हसली की हातातलं सूत तुटलं.

"म्हंजे तुमचं ते सगळं तुमचंच!" ती म्हणाली, आणि तुटलेल्या टोकाला गाठ मारून राहाट पुन्हा फिरवायला लागली.