‘लोटो’ शिकवणारे पाठककाका

पाठककाका आमच्या हिंदी शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार करण्याआधी त्यांनी माझ्या वर्गातला स्विचबोर्ड हुंगला. “काहीतरी तापून राहिलं, बाई,” म्हणाले. काहीही तापत नव्हतं. खमरियाला अग्निशमन दलात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस लहान मुलांना आगीपासून वाचायला फुकट कशाला शिकवेल? शेवटी काहीतरी गळ्यात मारणार, असं मी धरूनच चालले होते.

काकांचा तर कशावरच भरोसा नव्हता. गॅसच्या नळीवर नाही, दाराच्या कडीवर नाही, मुलांवर तर मुळीच नाही. “एका सुरात ‘हां सर’ म्हणतात ना, तेव्हा समजा, काही समजलं नाही,” असं ते मला बजावत.

कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, हा त्यांचा मुख्य धडा. “रुको, गिरो, लोटो!” अशी आरोळी दिली की मुलं धडाधड आडवी होऊन लोळत. दुसरीतली सई मात्र उभीच राहिली आणि तिने शेजारच्या मुलाला जोरात ढकललं. मी रागावले. काकांनी मला थांबवलं.

“काहून ढकललं, बेटा?”

“तुम्हीच तर म्हटलं, लोटो!”

हिंदीत ‘लोटना’ म्हणजे लोळणं. सईच्या आणि माझ्या मराठी घरात लोटणं म्हणजे ढकलणं. मला हसू फुटलं. काका मात्र मटकन खुर्चीत बसले. “मी स्वतः मराठी, बाई. सहा वर्षं हेच शिकवून राहिलो. पेटलेल्या कपड्यांनिशी दुसऱ्याला ढकलायचं, असं आपली किती पोरं शिकली असतील?”

मग ते जुन्या शाळांत पुन्हा जाऊ लागले. पनागरच्या शाळेत मीही गेले, खरं तर त्यांचा डाव बघायला. मराठी घरच्या एकेका मुलाला बोलावून ते म्हणत, “सांगू नको, करून दाखव.” चुकलं की सत्तरीतले काका स्वतः फरशीवर लोळत. त्यांना उठवताना मला माझी फार लाज वाटली.

गेल्या वर्षी काका त्यांच्या आजारपणात भेटले तेव्हा म्हणाले, “कमानिया गेटजवळची एक शाळा राहिली.” आठवड्याभरात ते गेले.

तेराव्यानंतर मी त्या शाळेत गेले. शिक्षिका म्हणाल्या, “हमारे बच्चों को सब आता है, दीदी.” माझा विश्वास बसला नाही. पदर खोचला आणि मुलांसमोर फरशीवर लोळले.