कागदाच्या पुडीतली स्प्रिंग

माझी अक्का लागोपाठ दोन आखाज्यांना माहेरी आली नाही, आणि त्याचं कारण होतं बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. आई-वडील गेल्यापासून अक्काचं माहेर म्हणजे मी. पिंप्राळ्याच्या पुढे माझं घर आहे, मागे कडुनिंब आहे. सणाच्या दोन दिवस आधी कडुनिंबाला झोका बांधायचा आणि धुळ्याला जाऊन तिला घेऊन यायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम.

मी धरणगावच्या बाजारात गोणपाटावर प्लॅस्टिकची पिस्तुलं विकून वर आलो. कोणी हात धरला नाही. त्यामुळे भाव करणं माझ्या अंगात इतकं मुरलंय की समोरच्याने आकडा सांगितला की डोकं आपोआप कापाकापी सुरू करतं. भाव उतरत नसेल तर एखादी वस्तू काढून टाकायची. तेवढाच आकडा खाली येतो.

शहराबाहेरचा एक प्लॉट भाड्याने घेऊन मी नेमबाजीच्या खेळाचं मैदान केलं, तेव्हा मला गॅसवर चालणाऱ्या खेळण्यातल्या रायफली हव्या होत्या. या रायफलींच्या मॅगझीनमध्ये प्लॅस्टिकच्या गोळ्यांबरोबर गॅसही भरतात. चाप ओढला की आतली हातोडी मॅगझीनच्या व्हॉल्व्हवर आदळते, गॅस सुटतो, गोळी जाते आणि त्याच गॅसने आतला बोल्ट मागे फेकला जाऊन खांद्याला धक्का बसतो. लोक त्या धक्क्यासाठीच येतात.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, धुळ्यात शिलाई मशीन दुरुस्त करतात. व्हिडिओ बघून बघून ते या रायफलीही खोलायला शिकले होते. धक्का जोरात बसावा म्हणून त्यांनी माझ्या पहिल्या रायफलीसाठी सुधारित पार्ट मागवले: पोलादी बोल्ट, नवं नोझल आणि कागदाच्या पुडीत हातोडीची एक कडक स्प्रिंग. मी भाव करता करता ती पुडी बाजूला सारली. हे मधेच काय घुसडलंय, असं विचारलं. ते म्हणाले, राहू द्या, लागेल. मी म्हणालो, लागली तर बघू. त्या दिवशी मी जिंकलो या खुशीत घरी आलो.

मैदानाचं उद्‌घाटन चैत्रात, भर दुपारी झालं. भरलेली मॅगझिनं सकाळपासून पत्र्याच्या रॅकवर मांडून ठेवली होती. पहिल्या पाहुण्याने चाप ओढला. आतून टक् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. मॅगझीन बदललं, पुन्हा टक्. मागून एकजण म्हणाला, "शेठ, ठो तुम्ही तोंडाने करा, आम्ही नेम धरतो." सगळे हसले. मीही हसलो. पण आत जे पेटलं ते दुसऱ्या दिवशी धुळ्याला पोचेपर्यंत विझलं नाही.

मी फक्त रायफल घेऊन गेलो होतो. दाजींनी तिला स्वतःजवळचं मॅगझीन लावलं, कोपऱ्यातल्या जुन्या गादीवर नेम धरला आणि एकामागून एक दहा गोळ्या सोडल्या. एकही अडली नाही. दुकानात मशीन घेऊन आलेल्या दोन बायका बघत होत्या. काल गावासमोर माझी फजिती झाली आणि आज यांच्या दुकानात मीच खोटा ठरलो.

दाजी शांतपणे म्हणाले, "बंदूक चांगली शे, भाऊ. बठ्ठं लई ये, मंग देखसू."

सगळं घेऊन ये म्हणजे माझ्यावर विश्वास नाही, असं मी ऐकलं. शिलाई मशीनवाल्याच्या नादी लागलो ही चूक माझीच, असं मोठ्या आवाजात म्हणालो. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. आतल्या दारात अक्का चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे मशीनच्या फळीवर ठेवला आणि ती आत निघून गेली. चहा तसाच टाकून मी निघालो.

त्या आखाजीला मी फोन केला. तिने घरात कोणाला बरं नसल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी तिने कारणसुद्धा सांगितलं नाही. मी झोका दोन्ही वर्षं बांधला. पोरांसाठी म्हणून बांधतोय, असं बायकोला सांगितलं. आमची पोरं तेव्हा कॉलेजात होती.

रायफलीशी मात्र माझं भांडण चालूच होतं. नोझल बदललं, बोल्ट घासून पाहिला, रबराच्या रिंगा बदलल्या. एकदा तर ठिबकच्या नळीचं वॉशर कापून बसवलं. सकाळी चालायची, दुपारी रुसायची. हिवाळ्यात दिवसभर चालली तेव्हा वाटलं, जमलं बुवा. फाल्गुन सरताच पुन्हा टक्. आणि प्रत्येक टक् बरोबर मी मनात दाजींशी भांडायचो.

यंदा चैत्रात बायको मैदानावर डबा घेऊन आली होती. रॅकवरचं मॅगझीन उचलायला गेली तर हाताला चटका बसला. तिने फडक्याने धरून ते माठाखालच्या ओल्या गोणपाटावर ठेवून दिलं. जेवणानंतर मी नेमकं तेच रायफलीला लावलं आणि बाहेर रणरणतं ऊन असताना ती तडातडा चालली.

मग मी खाली बसलो. दोन वर्षं एका वेळी चार गोष्टी बदलत होतो, त्या दिवशी एकच बदलली. रॅकवरचं मॅगझीन लावलं: टक्. माठाखालचं लावलं: चालली. पुन्हा रॅकवरचं, पुन्हा माठाखालचं. उन्हात गॅस फुगतो आणि व्हॉल्व्ह आतून इतका घट्ट दाबून धरतो की साध्या स्प्रिंगच्या हातोडीने तो उघडतच नाही. हातोडीला जोर हवा. म्हणजे कडक स्प्रिंग हवी.

बायको म्हणाली, "ती पुडी यासाठीच होती का हो?"

तेव्हाही पहिला राग मला दाजींचाच आला. एवढं माहीत होतं तर सांगायला तोंड नव्हतं? ती डबा बांधत म्हणाली, "तुम्ही सांगू दिलं असतं तर सांगितलं असतं." दाजींनी ते मला ओरडून का होईना सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण पुडी बाजूला सारणारा हात माझाच होता.

आखाजीला तीन दिवस उरले होते. कडुनिंबाला झोका बांधला आणि धुळ्याला निघालो. या खेपेला सगळं घेतलं: रायफल, सहाही मॅगझिनं, गॅसचा डबा, तेलाची बाटलीसुद्धा. दुकानात जाऊन ते सगळं दाजींच्या फळीवर एका ओळीत मांडलं. बोलायचं खूप ठरवलं होतं, पण इतकंच म्हणालो, "दाजी, बठ्ठं लई उनू."

त्यांनी चष्मा वर केला. एक मॅगझीन उचलून बाहेर उन्हात पायरीवर ठेवलं आणि हातातली मशीन पुरी करायला बसले. मीही बसलो. थोड्या वेळाने मॅगझीन आणून लावलं, चाप ओढला. टक्. त्यांनी मान हलवली, बॉबिनांचा खण उघडला आणि तळातून पुडी काढली. तीच पुडी, वर्तमानपत्राच्या त्याच तुकड्यातली. रायफल उघडून त्यांनी स्प्रिंग बदलली, पुन्हा ते तापलेलं मॅगझीन लावलं आणि गादीकडे नेम धरला. दहाच्या दहा गेल्या.

किती झाले, असं मी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. तो पूर्वीपेक्षा चांगलाच चढा होता आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझी जीभ सवयीने उचलली गेली.

आतून अक्काचा आवाज आला, "पयले भाव कर, मंग चहा पी."

दाजी हसले. मी आकड्याला हो म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अक्का चहा घेऊन बाहेर आली. जरा वाळली होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे. कप माझ्यापुढे धरून, पण रायफलीकडे बघत तिने विचारलं, "झोका बांधेल शे का यंदा?"

मी म्हणालो, "दरसाल बांधस."

तिने कप माझ्या हातात दिला, पदराने चेहरा पुसला आणि ती कपड्यांची पिशवी भरायला आत गेली.